हळद बरी आहे

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी आमच्याकडची हळद मोंढ्यात जायची, काही सांगलीच्या पेठेत जायची, आणि एकदा जिल्ह्याबाहेर पडली की तिला कोणी गाव विचारत नसे. गिऱ्हाईक विचारायचे, भाव काय? आता मानांकन आले, गावाला नाव आले आणि गिऱ्हाईक विचारू लागले, तुमची गोष्ट काय?

माझा हळद दळून पाकिटात भरून विकण्याचा छोटा धंदा आहे. गोष्ट म्हणाल तर एवढीच : शेतात हळद होते, भाव कधी चढतो, कधी आपटतो, म्हणून थोडी स्वतःच दळून विकावी असे वाटले. ही गोष्ट मी एका वाक्यात सांगू शकतो, आणि हाच माझ्यावरचा मुख्य आरोप आहे. गोष्टीत संघर्ष नाही, वळण नाही, डोळ्यांत पाणी नाही. मी नोकरी सोडून गावाकडे परतलेलो नाही, कारण मी गावातून गेलोच नव्हतो. परत येण्यासाठी आधी जावे लागते, हे मला कोणी वेळेवर सांगितले नाही.

यावर उपाय म्हणून छोट्या उद्योजकांसाठी एक प्रशिक्षण झाले. मार्गदर्शक बाहेरून आले होते. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले, "जसे आहात तसे समोर या. स्वतःच्या खऱ्या आवाजात बोला. लोकांना ऑथेंटिक माणूस हवा असतो." मग मला पुढे बोलावले, आणि जसा होतो तसा मी गेलो. त्यांनी आधी शर्ट बदलता येईल का ते विचारले. कॉलर पिवळी होती. हळदीचा धंदा करणाऱ्याची कॉलर दुसऱ्या कोणत्या रंगाची असावी, हे त्यांनी सांगितले नाही.

"तुमच्या हळदीबद्दल एका वाक्यात सांगा," ते म्हणाले.

"बरी हाय," मी म्हणालो.

सभागृहात बसलेल्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या मते मी जरा जास्तच बोललो होतो. आमच्या जिल्ह्यात 'बरी' ही शेवटची पायरी आहे, त्यापुढे जिना नाही. पोराला दहावीत नव्वद टक्के पडले तर 'बरे पडले'. दुमजली बंगला बांधला तर 'बरं बांधलंय'. लग्नात पाच पक्वान्ने वाढली तर हात धुताना पाहुणे म्हणतात, 'जेवण बरं होतं हो', आणि मुलीचा बाप कृतार्थ होतो. याउलट कोणी स्वतःच्या मालाला 'एक नंबर' म्हणाला की ऐकणारा खिशावर हात ठेवतो. मार्गदर्शकांना मात्र 'बरी' पुरली नाही. "यात भावना कुठे आहे?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, भावना आहे, पण ती घरी असते.

त्यांनी फळ्यावर लिहून दिले : 'ही फक्त हळद नाही, ही एक भावना आहे.' आता माझ्याकडे अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक आहे. तो हळदीसाठी आहे. भावना या मालाची नोंदणी कोणत्या वर्गात होते, तिचे निव्वळ वजन किती लिहायचे आणि ती किती महिन्यांच्या आत वापरावी, हे मी विचारले. ते हसले. मी विनोद केलेला नव्हता. पुढे पाहतो तर पापड ही भावना निघाली, गूळ ही भावना निघाली, पलीकडच्या गल्लीतला फरसाणवालाही भावनाच तळू लागला. एवढ्या भावना बाजारात आल्यावर साध्या हळदीला चांगले दिवस येतील, अशी माझी आशा होती. ती भावनाच ठरली.

भावनेची तक्रार झाली. दुसरी तक्रार भाषेची. व्हिडिओची संहिता लिहून देणारा एक मुलगा शहरातून मिळाला. त्याने लिहून पाठवले, 'रामराम मंडळी! नाद करायचा न्हाय!' मी त्याला नम्रपणे कळवले की हिंगोलीत असा नाद कोणी करत नाही. हे कोल्हापूर-साताऱ्याकडचे बोलणे आहे, तिथे ते शोभते. आम्ही 'काय करायलास?' म्हणतो, 'हळद शिजवायलो' म्हणतो, 'कामून?' असे विचारतो. त्याने बराच विचार करून उत्तर दिले, "सर, हे लोकांना चुकीचं मराठी वाटेल. आपल्याला गावरान पाहिजे." म्हणजे गावरान कोणत्या गावचे, ते सिनेमाने कधीच ठरवून टाकले आहे, आणि ते गाव आमच्या जिल्ह्यात नाही. शेवटी तडजोड झाली. मी प्रमाण मराठीत बोललो, फेटा त्याने कोल्हापुरी बांधला, आणि खाली लिहिले 'मराठवाड्याच्या मातीतला अस्सल माणूस'. आमच्या भागातल्या एका वयस्कर गृहस्थांनी ते पाहून विचारले, "हा कुठला पाहुणा म्हणायचा?"

तिसरी तक्रार आजीची आहे. आज बाजारात ज्या पाकिटावर आजी नाही, ते पाकीट अनाथ समजले जाते. मसाल्याला आजी, लोणच्याला आजी, साबणालाही आजी. भाच्याने माझ्याही पाकिटासाठी संगणकाकडून एक आजी तयार करून घेतली. नऊवारी, पेशवाई नथ, चंद्रकोर, समोर दगडी जाते, आणि जात्यात ती अख्खी हळकुंडे टाकते आहे. वाळलेले हळकुंड दगडासारखे कडक असते. ते आधी कुटून बारीक करावे लागते. अख्खे जात्यात टाकले तर जाते अडून बसेल, आणि खरी आजी टाकणाऱ्याला जे बोलेल ते पाकिटावर छापता येणार नाही. शिवाय माझी आजी या धंद्यात कधीच नव्हती. ती कापूस वेचायला जायची, आणि हळदीबद्दल तिचे एकच मत होते : भाजीत जास्त टाकू नका. हे वाक्य शंभर टक्के तिच्या आवाजातले आहे. धंद्याच्या दृष्टीने ते छापता येत नाही.

खरे काय ते सांगतो, कारण खरे सांगा असाच सगळ्यांचा आग्रह आहे. मे-जूनमध्ये बेणे लावायचे. आठ-नऊ महिने हळद जमिनीत असते. या काळात दाखवण्यासारखे फक्त पान असते. ते आधी हिरवे असते, मग आणखी हिरवे होते, मग वाळते. भाचा म्हणतो, पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी घडले पाहिजे, नाहीतर लोक पुढे सरकतात. हळदीला हे माहीत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने कापून काढणी होते, जेठे गड्डे वेगळे, हळकुंडे वेगळी. मग कुकर येतो. हा घरातला शिट्टीचा नव्हे. मोठा बॉयलर आणि त्याला जोडलेली पिंपे, त्यात वाफेवर हळद शिजते. तो भाड्याचा असतो आणि सगळ्यांना एकाच वेळी हवा असतो, म्हणून आपला नंबर लागतो तेव्हा रात्र झालेली असते. पिंप उघडले की मातीचा आणि ओल्या हळदीचा उग्र वास असलेली वाफ तोंडावर येते, चष्मा असेल तर काही दिसत नाही आणि नसेल तर डोळे उघडत नाहीत. शिजली का ते काडी टोचून बघायचे. मग 10-15 दिवस उन्हात वाळवण. पाच क्विंटल ओली हळद शिजवून वाळवली की क्विंटल-सव्वा क्विंटल हाती लागते. बाकीचे पाणी असते. ते कसे विकावे, यावर अजून प्रशिक्षण निघालेले नाही.

यानंतर पॉलिश. जाळीच्या मोठ्या ड्रममध्ये हळकुंडे टाकून ड्रम फिरवतात. साल निघते, हळकुंड उजळते आणि आजूबाजूचा परिसर पिवळा होतो. झाडे, ताडपत्र्या, माणसे, चहा. मी भाच्याला म्हणालो, हे घे, याहून खरे काही नाही. त्याने दोन मिनिटे शूटिंग केले आणि मग ड्रम बंद करायला सांगितला. आवाज फार येत होता. खरा आवाज रेकॉर्ड करताना मागे आवाज चालत नाही. त्याने मला मूठभर हळकुंडे ओंजळीत घेऊन सूर्याकडे बघायला लावले आणि मागे बासरी टाकली. आमच्या शिवारात मी आजवर बासरी ऐकलेली नाही. मोटारीची घरघर ऐकली आहे, तीही वीज असेल तेव्हा.

वाळवण चालू असताना एका दुपारी अवकाळीचे ढग आले. टिपूस पडायला लागले तसे आम्ही सगळे ताडपत्र्या घेऊन धावलो. भिजली हळद म्हणजे रंग गेला, रंग गेला म्हणजे भाव गेला. मी, बायको, मजूर, शेजारचे दोघे, सगळे पळत होते. ताडपत्रीचे टोक धरून मी ओरडत होतो, त्याच वेळी बांधावरून भाच्याचा आवाज आला, "मामा, परत एकदा पळा ना. नीट नाही आलं." माझ्या आयुष्यातला सर्वांत अस्सल क्षण तेवढाच असावा. तो फोकसमध्ये नव्हता.

चौथी तक्रार रंगाची. स्वच्छ हळदीचा रंग डोळे दिपवणाऱ्या पिवळ्यापेक्षा अंमळ दबलेला असतो. तो दिपवणारा पिवळा पुष्कळदा मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेटची कृपा असतो. दोन्हींवर बंदी आहे, कारण दोन्ही पोटात जाण्याच्या लायकीचे नाहीत. पण गिऱ्हाइकाचे डोळे त्या पिवळ्यावर तयार झाले आहेत. माझे पाकीट उघडून एक ताई म्हणाल्या, "यात काही मिसळलंय का? पिवळी दिसत नाही." मी सांगितले, मिसळलेले नाही म्हणूनच दिसत नाही. त्यांना पटले नाही. भाच्याने व्हिडिओत रंग वाढवून दिला. आता फोनवर माझी शुद्ध हळद हुबेहूब भेसळीच्या हळदीसारखी दिसते, आणि लोक खाली लिहितात, 'वा, अस्सल!'

या लिहिणाऱ्यांबद्दल स्वतंत्र तक्रार आहे. फोटोखाली ठळक अक्षरांत किंमत लिहिली तर पहिला प्रश्न येतो, 'रेट?' त्याचे उत्तर दिले की दुसरा विचारतो, 'रेट प्लीज.' तिसरा नुसता फोन नंबर टाकून जातो, कशासाठी ते लिहीत नाही. ओळखीचे लोक मनापासून लिहितात, 'अभिमान वाटतो, मराठी माणूस पुढे गेला पाहिजे', आणि संध्याकाळी किराणा दुकानातून दुसऱ्याच कंपनीचे पाकीट घेतात. जवळचे नातेवाईक मात्र हळद नेतात. पैशांचा विषय निघाला की ते दुखावतात. "घरच्यासारखंच आहे ना आपलं," असे म्हणतात. आपलेच आहे, म्हणून तर मोजायला हवे, असे मला वाटते, पण सोयरिकीत वाटणे आणि बोलणे यांत बरेच अंतर ठेवावे लागते. एक पाहुणे तर सॅम्पल म्हणून दोन किलो घेऊन गेले. निकाल अजून आलेला नाही.

दसऱ्यात स्टॉल लावा, असाही सल्ला मिळाला. हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना आहे, रामलीला मैदानावर मोठे प्रदर्शन भरते, लोक लोटतात. माझा स्टॉल आकाशपाळणा आणि मौत का कुआँ यांच्या मधे होता. तिथे मी खऱ्या आवाजात बोलून पाहिले. मलाही ऐकू आले नाही. गंमत अशी की याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगोची वेधशाळा उभी राहणार आहे. 2023 मध्ये केंद्राने 2600 कोटी रुपये मंजूर केले. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशात उठणारी अतिसूक्ष्म लहर ती टिपणार आहे. अशा यंत्राला जमिनीखालची शांतता लागते, ती आमच्याकडे सापडली. म्हणजे देशभर शोधून जो मुलूख शांत म्हणून निवडला, त्याच मुलखातल्या माणसाला मार्गदर्शक सांगतात, जरा जोरात बोला.

मालासोबत गोष्ट सांगणे नवे आहे असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांना भीती वाटत होती. पुढे 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी गिऱ्हाइकांपर्यंत कारखान्याची माहिती पोचवायला 'किर्लोस्कर खबर' काढले. नांगराच्या त्या खबरपत्राचे बघता बघता मासिक झाले आणि त्यात कथा, लेख, विचार येऊ लागले. त्या काळी आधी नांगर होता, मग कथा आली. आम्हाला कथा आधी मागतात. नांगर आहे का, हे नंतरही विचारत नाहीत.

हळदीच्या बाबतीत तर आजीची साक्ष चालत नाही, याचा निकालच लागलेला आहे. जखमेवर हळद लावावी, हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत असताना 1995 मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द करून घेतले. पण त्यासाठी तिथल्या कचेरीपुढे जुने ग्रंथ, जुने शोधनिबंध, छापील पुरावे ठेवावे लागले. 'आमची आजी लावायची' हे वाक्य, कितीही खऱ्या आवाजात म्हटले तरी, तिथे चालले नसते. कागद चालला. मला हे फार योग्य वाटते. माझ्याकडेही प्रयोगशाळेचा कागद आहे, त्यात करक्युमिन किती ते लिहिले आहे. मार्गदर्शकांनी तो बाजूला ठेवायला सांगितला. म्हणाले, आकड्यांनी नाते जुळत नाही.

आणि आवाजाचेच म्हणाल तर या जिल्ह्यातला सर्वांत दूर पोचलेला आवाज नरसीचा. संत नामदेव नरसीचे. तिथून पंढरपूर, तिथून थेट पंजाब. त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि आजही शीख भाविक नरसीला येतात. प्रत्येक अभंगाच्या शेवटी 'नामा' हे नाव. इतके पक्के नाममुद्रेचे काम आजच्या कोणत्या ब्रँडला जमले आहे? पण पुढे विष्णुदास नामा आणि आणखी काही 'नामे' झाले, त्यांच्या रचना एकाच गाथेत मिसळल्या, आणि कोणता अभंग कोणाचा हे अभ्यासक अजून निवडत बसले आहेत. तेव्हा आवाज खरा असला की त्याची नक्कल होणारच. आज फरक इतकाच की मूळ आवाजाची वाट कोणी पाहत नाही, नक्कल आधी तयार असते आणि आपण तिच्यात बसायचे असते. 'जसे आहात तसे या' म्हणणाऱ्यांकडे तुम्ही कसे असावे याचा साचा पिशवीत असतो.

मोंढ्यात हा त्रास नाही. तिथे व्यापारी ढिगात हात घालतो, एक हळकुंड उचलतो आणि मोडतो. नीट शिजलेले, नीट वाळलेले हळकुंड कट्‌कन मोडते, त्याला धातूसारखा टणत्कार असतो. ओल राहिली असेल तर ते दबक्या आवाजात तुटते. मग तो आतला रंग बघतो, ढीग ओलांडतो आणि बोली लावतो. शेतकरी शेजारी गप्प उभा असतो. त्याचे बालपण कसे गेले, त्याने काय सोसले, त्याची आजी काय म्हणायची, हे कोणी विचारत नाही. आवाज हळकुंडाने करायचा असतो. त्या बाजारात भाव पडतात, वजनात वाद होतात, तक्रारी पुष्कळ आहेत, त्या पुन्हा कधी. पण बोलायला लावत नाहीत, हे तिथल्या लोकांचे मोठेच सौजन्य आहे.

पाकिटात मात्र मोडता येत नाही, कारण आत पावडर असते. म्हणून गिऱ्हाइकाने फोन करावा, एवढीच माझी सोय आहे. तक्रारीसाठी क्रमांक छापावा असा नियम आहे, तो माझाच मोबाईल आहे. परवा कळमनुरीच्या बाजूने एकांचा फोन आला.

"हळद कशी हाय?"

"बरी हाय."

"मग दोन किलो ठेवा."

पंधरा सेकंदांत व्यवहार झाला. दुसरा फोन पुण्याहून होता. प्रश्न तोच, उत्तर तेच. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या बाई काळजीने म्हणाल्या, "नुसती बरी? काही झालंय का?"

या सगळ्याचा विचार करून मी पाकिटाच्या नव्या खेपेसाठी एक निर्णय घेतला. पाकिटाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, शिवणीच्या जवळ जे असते ते मला आता फार आवडू लागले आहे : हळद पावडर. निव्वळ वजन 200 ग्रॅम. किंमत सर्व करांसहित. दळल्याचा महिना. परवाना क्रमांक. तक्रारीसाठी फोन. यात एकही विशेषण नाही, एकही शब्द खोटा नाही, आणि खोटा निघाला तर दंड आहे. भावनेला दंड नसतो. मी डिझाईन करणाऱ्या मुलाला सांगितले, हे सगळे पुढे घे, मोठ्या अक्षरांत.

तो घाबरला. "काका, मग आजी कुठं टाकायची?"

मी म्हणालो, मागे टाक, बारीक. त्याने तसे केले, वरून स्वतःच्या बुद्धीने नव्या मांडणीला एक नावही दिले आणि ते चमकत्या सोनेरी अक्षरांत वरच्या कोपऱ्यात बसवून पाठवले : 'शंभर टक्के ऑथेंटिक'. छपाई झालेली आहे. दहा हजार पाकिटे आहेत. हळद बरी आहे.